नफाही हवा आणि कारागिराचं भलंही: कोल्हापुरात सामाजिक उद्योग उभारणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली सगळीकडे उदाहरण कोल्हापुरी चपलेचं घेतलं आहे. गोधडी, कापडी पिशव्या, मसाले किंवा मातीची भांडी असतील तर वस्तू बदलेल, हिशेबाची रीत तीच राहील. खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घ्या.

संस्था आणि सामाजिक उद्योग यांत फरक काय?

पैसा कुठून येतो, हा फरक. संस्था देणगीवर चालते, उद्योग गिऱ्हाइकाच्या पैशावर. स्वतःला एकच विचारा: उद्या अनुदान बंद झालं तर कारागिराच्या मजुरीचा दर कमी करावा लागेल का? लागणार असेल तर अजून उद्योग उभा राहिलेला नाही.

"नफा झाला की त्यातले दहा टक्के समाजकार्याला देऊ" हा मार्गही लोक सांगतात. त्यात वाईट काही नाही, पण पहिल्या तोट्याच्या वर्षी तेच आधी बंद पडतं. म्हणून रास्त मजुरी, पावसाळ्यातलं काम, वेळेवर रोख पैसे, हे सगळं वस्तूच्या खर्चातच धरावं. खर्चात धरलेलं गिऱ्हाइकाकडून वसूल होतं, नफ्यावर सोडलेलं मालकाच्या मर्जीवर राहतं.

उद्देश कसा लिहायचा?

"कारागिरांचं सक्षमीकरण" असं लिहून हिशेब मांडता येत नाही. कोणाला, किती, कधीपर्यंत, ते लिहा. उदाहरणार्थ: "दोन वर्षांत ८ कारागिरांना वर्षातले २६० दिवस, ताशी ९० रुपये दरानं काम."

आता याचं गणित लगेच सुटतं. ८ माणसं, २६० दिवस, ८ तास म्हणजे १६,६४० तास. एका जोडीला सगळं मिळून ७ तास लागत असतील तर वर्षाला सुमारे २,३७७ जोड, महिन्याला जवळपास २००. एवढे जोड खपवायची तयारी नसेल तर उद्देशातला ८ चा आकडा कमी करा. कारागीर आधी गोळा करायचे आणि गिऱ्हाईक मग शोधायचं, या क्रमानं गेलेली गाडी बहुतेक वेळा पहिल्या पावसाळ्यातच रुतते.

एका जोडीला किती तास लागतात, हे कसं कळणार? कारागीर तर "दिवसाला दोन होतात" म्हणतात.

ते खरंच सांगत असतात, पण "दिवस" किती तासांचा आणि हात किती जणांचे, हे त्यात नसतं. घड्याळ घेऊन शेजारी बसा. तळ कापणं, कान (पट्टा धरणाऱ्या बाजूच्या कातडी पाळ्या) बसवणं, वादीनं शिवणं, अंगठा आणि पट्टा लावणं, घासून तेल देणं, प्रत्येक कामाची वेगळी नोंद करा. मग मागच्या खोलीत बघा. शेळीच्या कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी बहुतेक घरांत बाया घालतात. स्वयंपाक आणि पोरांचं बघत मधल्या वेळात घालतात, म्हणून ते काम कुणी धरतच नाही. नमुन्याच्या जोडीत ७ पैकी २ तास वेणीचे आहेत. ते सोडून काढलेली किंमत म्हणजे त्या बाईच्या फुकटच्या श्रमावर उभा केलेला धंदा, मग पाटीवर "सामाजिक" असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहा.

वेणीचा दर शिवणकामाएवढाच ठेवा आणि पैसे तिच्या नावाच्या खात्यात जमा करा. घरच्या कर्त्याच्या हातात एकत्र रक्कम दिली की हिशेब तिथंच संपतो.

किंमत कशी काढायची?

एका जोडीचा नमुना असा, जीएसटी सोडून:

कातडं, तळाचं आणि वरचं: ३८० रुपये
वादी, गोंद, रंग, तेल: ४०
मजुरी, ७ तास × ९०: ६३०
खोकं आणि पॅकिंग: ३५
पावसाळा निधी (पुढे सांगितलं आहे): ८०
भाडं, वीज, हिशेबनीस, फोटो, महिन्याचे ३०,००० भागिले २०० जोड: १५०
नापास आणि बिघडलेला माल: ५०
भांडवलाचं व्याज: ३०

एकूण १,३९५. हा जोड थेट गिऱ्हाइकाला १,९०० ला विकला तर कुरिअरचे ९०, ऑनलाइन पैशाचं कमिशन ४० आणि परत येणाऱ्या मालाचे सरासरी १५ वजा जाऊन ३६० उरतात. ऐकायला बरं वाटतं.

आता हाच जोड दुकानदाराला द्या. तो ४० टक्के मागतो. १,९०० चे १,१४० हातात, खर्च १,३९५, म्हणजे जोडीमागे २५५ तोटा. म्हणून किंमत २,४०० केली, तर दुकानाकडून १,४४० येतात आणि जोडीमागे ४५ रुपये उरतात. दुकानात २,४०० आणि स्वतःच्या पेजवर १,९०० असं मात्र चालत नाही. दुकानदार दुसऱ्या दिवशी फोन करतो आणि तिसऱ्या दिवशी माल परत पाठवतो. किंमत सगळीकडे एकच ठेवावी लागते, त्यामुळे दुकानात जायचं की नाही हे पहिली किंमत छापण्याआधी ठरवा.

किती विकलं की तोटा थांबेल?

इथं सर्वात जास्त फसगत होते, कारण मालक स्वतःचा पगार धरत नाही. वरच्या ३०,००० मध्ये तो नाही. फक्त थेट विक्री, १,९०० दरानं, तर स्थिर खर्चासाठी, म्हणजे विक्री झाली न झाली तरी लागणाऱ्या भाडं-विजेसारख्या खर्चासाठी, जोडीमागे ५१० हाती येतात (उरलेले ३६० अधिक यादीतले १५०). ३०,००० भागिले ५१० म्हणजे महिन्याला ५९ जोड. मालकाचे २५,००० धरले तर ५५,००० भागिले ५१०, म्हणजे १०८ जोड. दोन आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक आहे.

फक्त दुकानांतून, २,४०० किमतीला, हाती येतात जोडीमागे १९५ (४५ अधिक १५०). म्हणजे ५५,००० साठी २८२ जोड लागतील, आणि आपली कुवत २०० ची आहे. एवढ्या मजुरीत फक्त घाऊक विक्रीवर हा धंदा चालणारच नाही. २,४०० ठेवून निम्मा माल थेट आणि निम्मा दुकानांत दिला तर थेट जोडीमागे साधारण १,०००, दुकानाच्या जोडीमागे १९५. १०० आणि १०० जोडींचे मिळून १,१९,५००. त्यातून ५५,००० गेले तरी महिन्याला ६४,५०० उरतात. थेट विक्रीवर एवढा भर का, ते या आकड्यांत दिसतं.

जीएसटीचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. म्हणजे २,५०० चा जोड गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. तुम्ही १०० रुपये वाढवले, त्याच्या खिशातून ४४३ जास्त गेले. २,५०० च्या थोडं वर किंमत ठेवण्यात काही अर्थ नाही. एक तर खाली राहा, नाही तर कलाकुसर वाढवून सरळ ३,५०० च्या पुढे जा.

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण राज्याबाहेर माल जायला लागला की नियम बदलतात. हस्तकला वस्तूंना त्यात काही सवलत आहे. तुमची वस्तू त्यात बसते का, ते सीएला विचारून पहिलं पार्सल पाठवा.

नोंदणी कोणती करावी? ट्रस्ट, सहकारी संस्था की कंपनी?

उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: नफा कोणाला मिळायचा आणि बाहेरचं भांडवल हवं का.

एकटे असाल आणि वर्षभर फक्त चाचपणी करायची असेल तर एकल मालकी पुरे. छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांपासून लांब राहा.

कारागीरच मालक व्हावेत अशी इच्छा असेल तर उत्पादक कंपनी. लोकांना ती फक्त शेतकऱ्यांची वाटते, पण कायद्यात हस्तकला आणि कुटीरोद्योगही बसतात. किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात. एका सभासदाला एकच मत, आणि नफ्यातून ज्यानं जेवढं काम दिलं त्या प्रमाणात बोनस. उणी बाजू ही, की बाहेरच्या गुंतवणूकदाराला भाग देता येत नाही. दहा जणांत हिशेब समजणारा निदान एक हवाच, नाहीतर वार्षिक विवरणपत्रं थकतात आणि दंड चढत जातो.

सहकारी संस्था आपल्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली. १९६३ चा गोकुळ दूध संघ असो की वारणेचा सहकारी परिसर, गावोगावच्या माणसाला सभासद, भाग, लाभांश समजावून सांगावे लागत नाहीत. वेगवेगळ्या कुटुंबांतले १० जण पुरतात. पण संस्थेत चार पैसे दिसू लागले की निवडणुकीला गट पडतात, हेही इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. निवडणुकीचा ताण सोसणार असाल तरच या वाटेनं जा.

सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, समाजकार्यासाठीची) नफा कमवू शकते, पगार देऊ शकते, फक्त लाभांश वाटू शकत नाही. देणग्या आणि सीएसआर (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो निधी) घ्यायचा असेल तर ती उपयोगी. गुंतवणूकदार हवा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. दोन मित्रांना कागदपत्रं कमी हवी असतील तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी.

काही जण पहिल्याच महिन्यात सेक्शन ८ आणि प्रायव्हेट लिमिटेड दोन्ही काढतात. दोन ऑडिट, दोन खाती, आणि कोणता खर्च कुठं टाकायचा याचा रोजचा गोंधळ. विक्री ५० लाखांपलीकडे जाईपर्यंत, आमच्या मते, एकाच दारानं जावं.

मजुरी जास्त देऊनही कारागीर जुन्या व्यापाऱ्याकडे परत जातात. का?

उचल. घरात लग्न, दवाखाना, शाळेची फी निघाली की व्यापारी रात्री दहाला २०,००० काढून देतो. तुम्ही जोडीमागे १५० जास्त देता, पण पंधरवड्यानं आणि बँकेत. कारागिराचं गणित चुकत नाही. त्याला दरापेक्षा अडीअडचणीला उभा राहणारा माणूस जास्त मोलाचा वाटतो.

त्यामुळे उचलीची सोय तुम्हालाही करावी लागते, फक्त नियमानं. एकाला जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या कमाईएवढी, बिनव्याजी, आणि आठवड्याच्या मजुरीतून १५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात नाही. दोघांकडे दोन वह्या, दोन्हींत तीच नोंद, दोघांच्या सह्या. आठ जणांसाठी एक लाखाची रक्कम वेगळी ठेवली तर सहसा तोंडमिळवणी होते, कारण सगळ्यांना एकदम लागत नाही.

एक अट मात्र कधीही घालू नका: "उचल फिटेपर्यंत दुसऱ्याचं काम करायचं नाही." कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. ज्या व्यापाऱ्यापासून सोडवायला निघालात, त्याच्याच जागी जाऊन बसाल ते वेगळंच.

पावसाळा निधी म्हणजे काय?

जून ते सप्टेंबर कातडी चपलेला गिऱ्हाईक नसतं. हवा दमट, तळ वाळत नाही, आणि वनस्पतिजन्य पद्धतीनं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून, कमावलेल्या कातड्याला बुरशी धरते. व्यापारी काम बंद करतो आणि कारागीर उचलीत अडकतो तो याच महिन्यांत.

महिन्याची मजुरी (२०० जोड × ६३०) १,२६,००० होते. पावसाळ्यातले तीन महिने निम्मी मजुरी भरायला १,८९,००० लागतात. वर्षाच्या २,३७७ जोडींवर वाटले की जोडीमागे ८० रुपये. वरच्या यादीत आलेले ते हेच. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, कारण चालू खात्यात राहिला तर मे महिन्यात कातडं खरेदी करताना कधी संपला ते कळत नाही.

पावसाळ्यात निम्मं काम द्यायचं तर ते कोणतं? वेण्या आगाऊ घालून ठेवणं, कातडी पट्टे आणि पाकिटं, दुरुस्ती. साठवण जमिनीपासून वर, फळीवर, हवा खेळेल अशी. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला माल दसऱ्याला उघडल्यावर पांढरा निघतो.

खेळतं भांडवल किती लागेल?

दिवस मोजा. कातडं पडून २०, कामात १०, तयार माल ३०, दुकानाची उधारी ४५, एकूण १०५ दिवस, म्हणजे साडेतीन महिने. स्थिर खर्चाचे १५० सोडून जोडीमागे १,२४५ प्रमाणे २०० जोडींचे महिन्याला २,४९,०००, तेव्हा साधारण पावणेनऊ लाख. उधारी अजिबात न ठेवता आगाऊ पैसे घेऊन विकलं तर पाच लाखांत भागतं. यंत्रांसाठी कर्ज काढणारे खूप भेटतात. चपलेच्या धंद्यात रापी, आरी आणि साच्यांना पैसा कमी लागतो, तो अडकतो पडलेल्या मालात आणि उधारीत.

दुकानदार पैसे वेळेवर देत नाहीत. करायचं काय?

बिलावर उद्यम क्रमांक छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आयकरातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदत उलटून वर्षअखेर बाकी राहिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ही एक ओळ नम्रपणे दुकानदाराच्या हिशेबनीसाला पाठवा. तक्रारीची वेळ बहुतेकदा येत नाही.

भांडवल कुठून आणायचं?

कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकाम धरून १८ व्यवसाय आहेत. ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि नंतर २ लाख, शिवाय हत्यारांसाठी १५,००० पर्यंत. हे कर्ज कारागिराच्या नावावर असतं, ते तुमच्या धंद्यात वळवू नका.

उद्योगासाठी पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगारनिर्मिती योजनेत उत्पादन प्रकल्पाला ५० लाखांची मर्यादा आणि १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. जागा ग्रामीण की शहरी आणि अर्जदार कोणत्या गटातला, यावर टक्का ठरतो. ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, हातात येत नाही. अनुदान खेळत्या भांडवलात धरून ऑर्डर घेणारे इथंच अडकतात. अर्जापूर्वी योजना चालू आहे का आणि सध्याची मर्यादा किती, ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. चर्मकारांसाठीच्या संत रोहिदास महामंडळाच्या योजनाही विचारा.

सीएसआर मिळेल का?

प्रायव्हेट कंपनीला देणगी म्हणून नाही. सेक्शन ८, ट्रस्ट किंवा सोसायटी असेल, आयकर खात्याकडची धर्मादाय नोंदणी (१९६१ च्या कायद्यात १२ए, ८०जी) आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी असेल आणि साधारण तीन वर्षांचं काम दाखवता येत असेल तर दार उघडतं.

पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांकडे हात पसरण्यापेक्षा दिवाळी भेटीची ऑर्डर मागा. कामगारांना द्यायच्या वस्तूंचं बजेट त्यांच्याकडे असतंच. गणपतीच्या आत नमुना आणि दर पोचवावा, ५० टक्के आगाऊ घ्यावे. दसऱ्यानंतर गेलात तर मिठाईवाला आधीच जाऊन आलेला असतो.

"कोल्हापुरी" हे नाव कोण वापरू शकतं?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावानं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीरही तितकाच हक्कदार आहे, हे कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, काहींना रुचत नाही. तुमच्या कारागिरांची अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या. रेक्झिनचा माल त्याच नावाखाली विकू नका.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, त्यात नाव जगभर पोचलं. नावानं चौकशा येतात, पैसे येत नाहीत. चौकशीला २४ तासांत मापांसह दर पाठवता आला तर ऑर्डर होते.

कारागिरांची गोष्ट सांगून माल विकावा का?

पहिला जोड गोष्टीवर खपतो, दुसरा पायाच्या सुखावर. "चावते" ही एक तक्रार शंभर फोटोंवर पाणी फिरवते. अंगठ्याच्या आतली कड घासलेली आहे का, पट्ट्याची शिवण आतून टोचते का, हे प्रत्येक जोडीत बोट फिरवून बघा. ऑनलाइन परत येणारा माल मुख्यतः मापाचा असतो. कारण ७ नंबर दोन घरांत दोन लांबीचा निघतो. सगळ्या कारागिरांना एकाच लाकडी मापाचा संच द्या आणि गिऱ्हाइकाला कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर मोजायला सांगा. कातडं वापरानं थोडं सैल होतं, पावसात घालू नये, महिन्यातून एकदा खोबरेल तेल लावावं, हे खोक्यातल्या चिठ्ठीत मराठीत लिहा. कारागिराचा फोटो त्याच्या परवानगीनं, नावानिशी. कळवळा येईल असा नको.

१,००० जोडींची ऑर्डर आली. घ्यावी का?

४५ दिवसांत ८ माणसं, सुट्ट्या सोडून ३८ दिवस, ८ तास म्हणजे २,४३२ तास. ७ नं भागले की ३४७ जोड. उरलेले ६५० बाहेरून, मिळेल त्या दरानं करून घ्यावे लागतील. मालाचा दर्जाही घसरतो आणि मजुरीचा दरही. ३०० घ्या, बाकीचे दर महिन्याला १७५ प्रमाणे हप्त्यानं देऊ म्हणून सांगा. न जमल्यास सोडा. आणि हे एका ऑर्डरपुरतंच ठेवा, एका गिऱ्हाइकावर कायम ४० टक्क्यांपेक्षा जास्त विक्री टेकली की दर तोच ठरवायला लागतो.

चांगलं होतंय की नाही, मोजायचं कसं?

महिन्याला एक पान पुरे: प्रत्येकाचे तास, मिळालेली रक्कम, पैसे दिल्याची तारीख, उचलीची बाकी, आणि कोण सोडून गेलं. काम सुरू करण्याआधीची मागच्या वर्षाची कमाई आणि कामाचे दिवस लिहून ठेवा, नाहीतर पुढं तुलना कशाशी करणार? सोडून गेलेल्याला कारण विचारा. बहुतेक वेळा उत्तर दराचं नसतं, पैसे उशिरा मिळाल्याचं असतं.

नफा झाला तर वाटायचा कसा?

आधी तीन महिन्यांचा स्थिर खर्च आणि मजुरी राखीव. मग व्याजाचं कर्ज. त्यानंतर उरलेल्यातला ठरलेला वाटा, समजा ३० टक्के, कारागिरांना वर्षभरात केलेल्या तासांच्या प्रमाणात, दिवाळीच्या आधी आणि सगळ्यांसमोर हिशेब वाचून. वेणीचे तासही त्यात. बाकीचा मालकाचा किंवा सभासदांचा. टक्का पहिल्या वर्षीच, नफा शून्य असताना, कागदावर उतरवा. पैसा समोर आल्यावर बसलेली बैठक रात्री बारापर्यंत चालते.